व्हिसा येईपर्यंत बसायची जागा

व्हिसाची वाट पाहणारा माणूस गप्प बसू शकत नाही, हे मी आता खात्रीने सांगू शकते. दवाखान्यात लोक खाली मान घालून बसतात, बँकेत फोन काढतात. आमच्या ऑफिसात मात्र माणूस खुर्चीवर टेकला, की लगेच शेजारच्याला विचारतो, "तुमचं कुठलं?" गाव विचारत नाही, देश विचारतो. मग एकाचं ऐकून दुसरा सांगतो आणि संध्याकाळी घरी जाताना माझ्या डोक्यात अर्जांपेक्षा गोष्टीच जास्त असतात. घरी सांगितल्या तर नवरा म्हणतो, "तू पगार कशाचा घेते?"

ऑफिस चंद्रपुरात, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. मालक मिलिंदभाऊ. मी आधी शाळेत इंग्रजी शिकवायचे. शाळा बंद पडली आणि भाऊंनी बोलावून घेतलं. अर्ज भरायचे, पत्रं लिहायची, लोकांची मुलाखतीची तयारी करून घ्यायची, हे माझं काम. आम्ही दोघांनी इतक्या लोकांना इतक्या देशांत पाठवलं, पण भाऊ कधी हैदराबादच्या पुढे गेले नाहीत आणि मी तर तिथवरही नाही.

कोणाचा निकाल यायचा असला की भाऊ स्टुलावर चढून पंखा पुसतात. विचारलं तर म्हणतात, "धूळ बसली होती." आमचा पंखा अख्ख्या चंद्रपुरात सगळ्यात स्वच्छ असेल.

* * *

संतोष घुग्घुसचा. कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा. ओमानमधल्या एका खाणीत ऑपरेटरची जागा होती आणि तिथले साहेब व्हिडिओवर इंग्रजीत मुलाखत घेणार होते. संतोषला इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही. पण खुर्चीवर बसवून प्रश्न विचारला की तो पहिल्याच वाक्यावर अडायचा.

"मॅडम, शंभर टनाचा डंपर रिव्हर्स घेतो मी," तो म्हणाला, "पण हे 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' काही पुढं सरकून नाई राह्यलं."

उभं राहून बघितलं, फिरत बोलून बघितलं. शेवटी तोच म्हणाला, "मले हातात काई तरी पाह्यजे. रिकाम्या हातानं बोलता येत नाई." भाऊंनी आपल्या डब्याखालचं स्टीलचं ताट धुऊन त्याच्या हातात दिलं. संतोषने ते स्टिअरिंगसारखं धरलं आणि काय सांगू, गाडी सुरू झाली. ब्रेक फेल झाला तर काय करशील, उतारावर गिअर कोणता, सगळं इंग्रजीत. चुकांसकट, पण न थांबता.

खरी मुलाखत आमच्याच ऑफिसात झाली. कॅमेऱ्यात त्याचं फक्त तोंड आणि खांदे दिसत होते, ताट टेबलाखाली. सगळं छान चाललं. शेवटी तिकडच्या साहेबाने विचारलं, "मिस्टर संतोष, तुमचे खांदे सारखे का हलतायत?"

मी डोळे मिटून घेतले. संतोष शांतपणे म्हणाला, "रोड इज बॅड, सर."

साहेब इतका हसला की पुढचा प्रश्नच विसरला. नोकरी लागली.

पण पासपोर्ट परत यायचा होता. तो कुरिअरने येणार, आत व्हिसा असेल किंवा नसेल. संतोष रोज सकाळी चंद्रपुरातल्या कुरिअरच्या ऑफिसासमोर जाऊन उभा राहायचा. एक दिवस कुरिअरवाल्यांच्या पिशवीत त्याला आपल्या नावाचं पाकीट दिसलं. त्याने हात पुढे केला.

"घरच्या पत्त्यावरच द्या लागते," ते म्हणाले.

"अहो, तो पत्ता माहा हाये. मीच तो."

"तुम्ही असान. पण हे घर नाई ना."

मग काय, ते पुढे आणि संतोष मागे. ते पाकिटं वाटत वाटत चालले आणि हा प्रत्येक घराबाहेर गाडी चालू ठेवून उभा. घुग्घुसला पोहोचेपर्यंत दोघांची दोस्ती झाली होती. घरी पाकीट मात्र संतोषच्या बायकोने घेतलं, सही केली आणि बाबासाहेबांच्या फोटोजवळ ठेवून दिलं. म्हणाली, "आधी जेवा. तुम्ही पण बसा भाऊ."

कुरिअरवाले जेवले. संतोषला घास उतरेना. ती महिनाभर "जा, जा" म्हणणारी बाई. त्या दिवशी मात्र वाढता वाढता ती म्हणाली, "आताच काऊन उपाशी राह्यता? तिथी जाऊन राहाच लागन."

आत व्हिसा होता. पण ते वाक्य सांगताना संतोषचा आवाज बदलला होता, आणि पासपोर्ट त्याने आम्हाला दाखवला तो नंतर, सगळं सांगून झाल्यावर.

* * *

बायको आयर्लंडला नर्स आणि नवरा मूल गावचा, असं एक जोडपं होतं. प्रणाली आणि नितीन. नवऱ्याला बायकोकडे जायचं होतं. असल्या अर्जात लग्न खरं आहे हे पटवायला दोघांचे एकत्र फोटो द्यावे लागतात. प्रणाली सुट्टीवर आली होती, तीच नितीनला आणि फोटो घेऊन आली.

बघतो तर सगळ्या फोटोंत नितीनची आत्या. लग्नात विहारातल्या फोटोत मागून नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवून आत्या. वाढदिवसाच्या केकमागे दोघांच्या मधोमध आत्या. एअरपोर्टवर प्रणाली निघाली तेव्हाच्या फोटोत नितीन अर्धा कापलेला आणि आत्या पूर्ण.

भाऊ म्हणाले, "ह्यायच्या अर्जात आत्याचा व्हिसा आधी मंजूर होते."

प्रणाली हसली नाही. लग्नानंतर लगेच ती कामावर परत गेली होती. दोघं मिळून जितके दिवस एकत्र राहिले, ते सगळे पाहुण्यांनी भरलेले होते. ती म्हणाली, "मॅडम, आमचा दोघांचाच असा फोटो नाहीच आहे. काढलाच नाही कोणी."

मी म्हटलं, मग आज काढा. रामाळा तलावावर जा, चार-पाच फोटो घ्या, दुपारपर्यंत या. नव्याला जुन्याची सर नाही, पण चिठ्ठी लिहून जोडता येईल. गेले मोटरसायकलवर.

दुपार झाली. आले नाहीत. फोन लावला तर दोघांचे बंद. प्रणालीची परतीची तारीख जवळ आलेली, तिच्या सह्या त्याच दिवशी हव्या होत्या. भाऊंनी पंखा पुसला, मग ट्यूबलाइट पुसली. मी खिडकीतून खाली बघत राहिले. आत्यांचा दोनदा फोन येऊन गेला, "कुठी हायेत ते?"

ऑफिस बंद करायच्या वेळेला दोघं जिना चढून आले. एकच फोटो होता. आईस्क्रीमवाल्याने काढलेला, जरा तिरका, आणि त्यात नितीनचे डोळे मिटलेले.

"अरे, दिवसभर काय केलं मग?" भाऊ म्हणाले.

नितीनने बायकोकडे पाहिलं. "बोलून राह्यलो होतो," तो म्हणाला.

* * *

सुषमा मडावी सिंदेवाहीच्या पुढच्या एका जंगलातल्या गावची. शेतीचं शिक्षण झालेलं, भातावर पुढे शिकायचं म्हणून नेदरलँड्सच्या विद्यापीठात अर्ज केला होता. तिथल्या प्राध्यापकांनी मुलाखत ठेवली. तिला चंद्रपूरला यायला सांगितलं होतं, पण त्या दिवशी गाडी चुकली. मग तिने गावातच जुन्या शाळेच्या ओट्यावर लॅपटॉप मांडला, कारण रेंज फक्त तिथे येते. मी इकडून फोनवर जोडलेली, नुसती ऐकत होते.

अर्धी मुलाखत झाली आणि मागून भोंगा ऐकू आला. वनविभागाची जीप. "गावाच्या शिवारात वाघाचा वावर आहे. कोणीही एकट्याने शेतात जाऊ नये. जनावरं मोकळी सोडू नयेत."

प्राध्यापक थांबले. म्हणाले, "तो माणूस काय विकतोय?"

"काही विकत नाही सर," सुषमा म्हणाली. "वाघ आला आहे, असं सांगतोय."

मग ते घाईने म्हणाले, "तुम्ही आत जा. आपण ही मुलाखत पुढच्या आठवड्यात घेऊ."

"नको सर," सुषमा म्हणाली. "वाघ पुन्हा येतो. नेटवर्क येत नाही."

मुलाखत पूर्ण झाली. नंतर कळलं की तिचे वडील सगळा वेळ ओट्याखाली काठी घेऊन उभे होते, जंगलाकडे तोंड करून.

तिला प्रवेश मिळाला आणि व्हिसाही. पासपोर्ट दाखवायला बापलेक आले तेव्हा मडावीभाऊ माझ्या टेबलापाशी बराच वेळ घुटमळले. मग विचारलं, "बाई, तिथी जंगल हाये का?"

मी म्हटलं, "आहे ना भाऊ."

"वाघ?"

"नाही."

"इथी वाघाचं भेव सांगता येते. मंग तिथी रात्री पोरगी घरी नाई आली, तर तिच्या मायले कायचं भेव सांगू?"

* * *

राहुल आरमोरीकडचा. इंग्लंडला शिकायला जाणार म्हणून गावाने निरोप दिला. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर विमान, ढग आणि सूट घातलेला राहुल. सूट त्याचा नव्हता, फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर चढवला होता. सरपंच बोलले, आईने ओवाळलं. व्हिसा अजून यायचा होता, पण येणारच म्हणून कोणी थांबलं नाही.

व्हिसा नाकारला गेला. राहुल तेव्हा चंद्रपुरात होता. तो घरी परत गेलाच नाही. इथेच एका मित्राच्या खोलीवर राहिला आणि घरी फोन करून सांगितलं, पोहोचलो. फोन करताना खिडक्या बंद करून घ्यायचा, बाहेरचे हॉर्न ऐकू जाऊ नयेत म्हणून. आमच्याकडे यायचा, पुन्हा अर्ज टाकू म्हणायचा. मी त्याला खूप सांगितलं की घरी जा. तो म्हणायचा, "फ्लेक्स उतरू द्या मॅडम."

एक दिवस बसस्टँडवर तो चहा पीत उभा होता आणि समोर काका. सख्खे काका, ज्यांनी त्याला खांद्यावर बसवून मिरवलं होतं. पळायला जागा नव्हती.

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक चहा आणखी सांगितला. मग त्याच्या शेजारी उभे राहून बसकडे बघत म्हणाले, "थंडी कशी हाये तिकडं?"

राहुलच्या तोंडून कसंबसं निघालं, "बरी आहे काका."

"जेवण-खावण?"

"चालू आहे."

"तुह्या मायनं लोणचं टाकलं यंदा. तुह्यासाठी वेगळी बरणी ठेवली." चहा संपवून त्यांनी कप ठेवला. "माही बस लागली. एक सीट रिकामी असन तर पाहतो."

राहुल त्याच बसने गेला. काकांनी रस्त्यात एक शब्द विचारला नाही. गावात शिरायच्या आधी मात्र त्याच्याकडून खिडकीकडची जागा मागून घेतली, आणि फ्लेक्स आला तेव्हा स्वतः पुढे वाकून बाहेर बघत बसले, राहुलला काही दिसू नये असे.

* * *

यमुनाबाई कुरखेड्याच्या. त्यांचा मुलगा कॅनडात, सून बाळंतपणाला टेकलेली. बाईंना भेटीचा व्हिसा हवा होता. पहिला अर्ज फेटाळला गेला. मी पत्र वाचून त्यांना सोपं करून सांगितलं, "बाई, तिकडच्या अधिकाऱ्याला वाटतं की तुम्ही गेलात तर परत येणार नाही."

यमुनाबाईंना आधी ते कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला.

"मी परत येणार नाई? माहे धान उभे हायेत. म्हशीले माह्याशिवाय कोणी हात लावू शकत नाई. अन् मी तिथी कायले राहीन?"

"त्यांना ते माहीत नाही ना बाई."

"मंग सांगा ना त्यायले."

आम्ही सांगितलं. जमिनीचे कागद जोडले, धाकट्या मुलाचं पत्र जोडलं. बाईंनी हट्टाने म्हशीचा फोटोही जोडायला लावला. निकाल यायला उशीर झाला. बाळ जन्मलं. बाई दर बाजाराच्या दिवशी फोन करायच्या आणि विचारायच्या, "पटलं का त्यायले?" बाळ पालथं पडायला लागलं तेव्हा व्हिसा आला.

गेल्या. मुलाचा मला एकदा फोन आला. आईला इथे बरं वाटतंय, नातू तिच्याशिवाय झोपत नाही, मुक्काम वाढवायचा अर्ज कसा करायचा? मी त्याला सगळं समजावलं. पुढे काही कळलं नाही.

मग एका सकाळी मी ऑफिस उघडून झाडून घेत होते आणि जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. यमुनाबाई. पायात जाड मोजे आणि त्यावर चप्पल, अंगात मुलाचं जॅकेट, हातात एअरपोर्टचा कागद चिकटलेली बॅग. नागपुरात उतरून त्या थेट आमच्याकडे आल्या होत्या. कुरखेडा उलट्या बाजूला.

"बाई, घरी नाही गेलात?"

"आधी हे काम होतं." त्या खुर्चीवर बसल्या. नातवाबद्दल मी विचारलं, तर त्यांनी जॅकेटच्या बाहीने डोळे पुसले. "लय रडला तो. पोरगा म्हणे, राह्य ना आई, कागद वाढवून घेतो. मी म्हटलं, नाई."

"का हो?"

"त्यायनं माह्यावर विश्वास ठेवला ना." त्यांनी पासपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला. "आता त्या साहेबाले कळवा, का यमुनाबाई आली म्हणून."

मी त्यांना समजावलं. असं कळवायची काही सोय नसते, कोणी वाट बघत नसतं, त्या साहेबाचं नावही आपल्याला माहीत नाही. भाऊही वर आले, त्यांनीही तेच सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पाय जवळ घेऊन त्या खुर्चीत नीट बसल्या.

"मंग त्यायले कसं समजन?" त्या म्हणाल्या.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि पंख्याखाली स्टूल ओढलं.