मावशीच्या मापाची सीट

माझ्या मावशीला बसून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. गाड्यांच्या सीट शिवण्यात तिची उभी हयात गेली, आणि तयार झालेल्या प्रत्येक सीटवर ती चहाचा कप घेऊन स्वतः बसते. कप संपेपर्यंत कुठे टोचलं नाही, तरच गिऱ्हाइकाला निरोप जातो. माझ्या नव्या घरातल्या सोफ्यावरही आधी तीच बसली. आम्ही उभे.

अशा बाईला अवकाशयानाच्या कारखान्यात नोकरी लागली. माणसांना अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत न्यायचं, क्षणभर तरंगू द्यायचं आणि खाली आणायचं, असं यान बनवणाऱ्या दोन कंपन्या एकाच रस्त्यावर समोरासमोर होत्या. प्रवासी घेऊन पहिलं उड्डाण कोणाचं, यावरून एवढी चुरस, की एकाने गेटला रंग दिला तरी दुसऱ्याच्या पोटात दुखायचं. मावशीच्या मालकांनी तर वैमानिकाशेजारी आपण स्वतः बसणार, असं जाहीरच करून टाकलं होतं.

त्यांच्या सीटसाठी खास फोम आला होता. तो ओतायचा, वर माणसाने बसायचं, आणि पाठीचा आकार घेऊन तो कायमचा घट्ट होतो. मालक उंच, काटकुळे. ते पत्रकारांना मुलाखत देऊन मग माप द्यायला येणार होते. मावशीने फोम ओतला, वर कापड ताणलं. सीट कशी झकास तयार दिसत होती. सवयीने हात कपाकडे गेला.

ती उठली तेव्हा सीटमध्ये मावशीच होती. खांदे, पाठ, कंबर, सगळी.

मालक बसून बघायला गेले, तर खांदे मावेनात आणि कमरेशी दोन उशा जातील एवढी जागा.

‘‘नवा फोम मागवायला दोन महिने,’’ इंजिनीअर म्हणाला. समोरच्यांचं उड्डाण पुढच्या महिन्यात होतं.

त्या संध्याकाळी मावशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ‘‘नोकरी गेली समज,’’ एवढंच बोलली. तिचा त्या कारखान्यावर फार जीव होता. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

सकाळी मालकांनी तिला बोलावलं. वैमानिक बाई तिथेच होती. तिने त्यांना आधीच सुनावलं होतं, ‘‘पहिलं यायचंय की स्वतः जायचंय? एक काय ते ठरवा.’’

मालकांनी मोठा सुस्कारा सोडला. ‘‘मावशी, उंचीची भीती वाटते का?’’

‘‘सध्या तुमची वाटतेय, साहेब.’’

डॉक्टरांनी तपासून तिला पास केलं. गरागरा फिरवणाऱ्या यंत्रातून ती डोलत बाहेर आली आणि तिने आधी विचारलं, यातली सीट कोणी शिवली? उड्डाणाच्या दिवशी माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, मैदानभर बडबडत होती, ‘‘या वयात काय ही थेरं!’’ यान सुटलं तशी तिने माझा दंड घट्ट धरला. तो यान खाली येईपर्यंत सोडला नाही.

मग निळ्या आभाळात पॅराशूट उघडलं आणि आम्ही सगळे, मालकांसकट, वेड्यासारखे नाचलो. समोरच्या कंपनीचे लोकही कुंपणापाशी टाळ्या वाजवत होते.

दार उघडलं. मावशीचे केस विस्कटले होते, गालांवर पाणी होतं आणि ती एकसारखी हसत होती. वैमानिक बाई उतरली, मावशी उतरेना.

‘‘या आता बाहेर,’’ मालक म्हणाले. ‘‘नवा फोम आला की ही सीट माझ्या मापाची करायचीय.’’

मावशीने पट्टा पुन्हा आवळला.

‘‘करा की, साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘पण माझा चहा वरती घ्यायचा राहिलाय.’’