मेंढ्याची चंपी

उभी हयात लोकांची डोकी चोळण्यात गेल्यामुळे दादाला समोर डोकं दिसलं की राहवत नसे. सलून बंद करून तो धाकट्या बहिणीकडे राहायला आला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी चार दिवस चंपी करून घेतली आणि मग टोप्या घालायला सुरुवात केली.

बहिणीकडे मेंढरं होती. त्या जातीत माद्यांनाही शिंगं असतात, पण आखूड. नराची मात्र कानामागून वळसा घेऊन पुन्हा गालापाशी येतात. कळपात नर एकच. अंगानं धिप्पाड, स्वभावानं शांत, आणि कपाळ असं रुंद की दादाच्या बोटांना कामच सापडलं. रोज सकाळी दोन शिंगांच्या मधोमध मनसोक्त मालीश. मेंढाही डोकं पुढे रेटायचा.

"बघ, कसा लळा लागलाय," दादा म्हणाला.

लळा नव्हता. मेंढ्याचं कपाळ चोळणं म्हणजे त्याला टकरीचं आमंत्रण. थोड्याच दिवसांत त्यानं ते स्वीकारलं. दोन पावलं मागे सरला, मान खाली घातली, आणि दादा पाण्याच्या हौदात बसलेला आढळला. दुसऱ्या दिवशी दूधवाला.

"दादा, मेंढा आहे तो, गिऱ्हाईक नाही!" बहीण कडाडली. "आणखी एकाला पाडलं ना, तर सरळ कसायाला देईन. घरात नातवंडं फिरतात."

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस. तेवढंच तुला जमत नाही."

दादानं जमवायचं ठरवलं. हात पाठीमागे बांधून तो कुंपणात जाऊ लागला. मेंढा यायचा, कपाळ पुढे करून वाट बघायचा. दादा ढग बघायचा. एकदा उजवा हात निघालाच होता. बहीण खिडकीतून नुसती खाकरली. हात परत गेला.

मग एका सकाळी मेंढा दोन पावलं मागे सरला. दादा जागचा हलला नाही. मेंढ्यानं मान खाली घातली, ती तशीच गवतापर्यंत नेली आणि तो चरू लागला.

त्यानंतर तो दादाकडे आलाच नाही. दादा शेजारून गेला तरी ढुंकून बघेना.

"सुटला बिचारा," बहीण म्हणाली. "आता कशाला देते कसायाला."

"चांगलं झालं," दादा म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही. बहिणीनं ताट झाकून ठेवलं. कारण विचारलं नाही.