विमानतळाच्या खांबांना कड्या

पुण्याहून निघतानाच माझं डोकं फिरलेलं होतं. आमच्या कचेरीतल्या साहेबांनी आदल्या संध्याकाळी आराखड्याची भलीमोठी गुंडाळी माझ्या हातात ठेवली आणि सांगितलं, "दोन जागा बघून या. एक माण तालुक्यातली, दुसरी पलूसकडची. मग सांगलीत बैठक. आणि हे लक्षात असू द्या, आपल्याला भविष्यातलं, शाश्वत आणि लवचिक विमानतळ दाखवायचं आहे." मी विमानतळांवरच्या पाण्याचा निचरा बघणारी बाई. पाऊस पडला की पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, एवढंच मला कळतं. 'शाश्वत' हा शब्द हल्ली इतक्यांदा कानावर पडतो की तो ऐकला की माझी दाढ दुखायला लागते.

खंबाटकी घाटात एक ट्रक आडवा झाला होता, त्यामुळे एसटी तिथेच अडकून बसली. साताऱ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. अल्ताफ जीप घेऊन उभा होता. हा मूळचा पलूसकडचा, सैन्यात ट्रक चालवून निवृत्त झालेला आणि आता भाड्याने जीप चालवणारा माणूस. उशीर माझा झाला होता, तरी मीच त्याच्यावर खेकसले. "मॅडम, मी टायमाला हाय. लेट तुमची गाडी हाय," असं शांतपणे म्हणून त्याने माझी बॅग मागे टाकली.

दहिवडीच्या पुढचा माळ बघून मला हसावं की रडावं तेच कळेना. नजर जाईल तिथवर पिवळं गवत आणि वारा. दहा पावलं चालले नाही तोच मोज्यांत कुसळं (गवताची टोकदार बी) भरली. एका दगडावर बसून ती उपटत मी आराखडा उघडला. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना साहेबांनी हिरवळ काढली होती. माणमध्ये हिरवळ! शिवाय प्रवेशद्वाराशी एक तळं, तळ्यात कमळं. कपाळ माझं!

मेंढ्या राखणारे एक आजोबा काठी टेकत जवळ आले. मी त्यांना विचारलं, इथे विमानतळ झालं तर कसं?

"लय चांगलं की. माजी दोनी पोरं मुंबईलाच हायत." मग त्यांनी थोडा विचार केला. "त्येला पाणी लागतंय का?"

"खूप लागतं, आजोबा."

"मग झालंच म्हणायचं," ते हसून म्हणाले. "बरं, त्ये हुईल तवा हुईल. आदी ती दुपारची इष्टी कवा येती तेवडं बगा की. लय दिस झालं, आली न्हाई."

एसटी माझ्या हातात नाही, हे काही त्यांना पटलं नाही. विमान आणणारी बाई एसटी आणू शकत नाही म्हणजे काय? खरं सांगायचं तर मलाही ते पटवून देता आलं नाही. दुपारी एका खानावळीत बाजरीची भाकरी, ठेचा आणि माडगं (हुलग्याच्या पिठाचं कढण) मिळालं. सबंध दिवसात मनासारखं झालेलं ते एकच. मी वाटीभर माडगं पुन्हा मागून घेतलं.

तिथून निघालो तर बाभळीच्या काट्याने चाक पंक्चर. ते काढून कडेगावच्या रस्त्याला लागलो, तर पुढे उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर गाण्यांचा दणदणाट, आणि बाजू द्यायचं नाव नाही. अल्ताफने हॉर्नवरचा हात काढून घेतला. "मॅडम, गळीत चालू हाय. आता देव बी मागंच ऱ्हाणार." पलूसला पोचेपर्यंत माझ्या अंगात बोलायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं. लॉजवर गेले ती सरळ झोपले.

सकाळी दुसऱ्या जागेवर गेलो. कृष्णेच्या काठी एक गाव आणि गावाला लागून उंचवट्यावर जुनी धावपट्टी. कधी काळी लहान विमानं उतरायची म्हणे. आता इथे मोठं विमानतळ करायचं घाटत होतं, आणि त्याची पहिली खूण म्हणून सभोवार जाळीचं उंच कुंपण तेवढं उभं राहिलं होतं. फाटकाला वीतभर कुलूप. राखणदाराचा पत्ता नाही. अल्ताफने फोन लावला, तर तो सांगलीला लग्नाला गेलेला आणि चावी त्याच्या खिशात!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुण्याहून इतकी आपटत आले ती कुलूप बघायला? मी फाटकाला लाथ मारली. लागलं मलाच.

"चला, हितं चाची हाय माजी. च्या घ्यू," अल्ताफ म्हणाला.

"मला चहा नकोय, चावी हवीय!"

"चावी संध्याकाळी येईल मॅडम. च्या आत्ता हाय."

हसीनाचाची म्हणजे अल्ताफची चुलती. गावाच्या कडेला, कुंपणापासून हाकेच्या अंतरावर तिचं घर. साठीची, काटक, गोठ्यात तीन म्हशी, गावभर दुधाचा रतीब. मी लंगडत आले ते बघून तिने अल्ताफला विचारलं काय झालं, त्याने सांगितलं. तशी ती माझ्याकडे वळली.

"चावी मिळंना व्हय? बसा. आमाला बी न्हवती मिळाली."

म्हणजे काय, असं मी विचारलं. तिने चुलीवर आधण ठेवलं आणि पाठमोरीच सांगायला लागली. पूर आला की हे अख्खं गाव जनावरं घेऊन धावपट्टीवर जायचं. एवढी उंच, टणक जागा आसपास दुसरी नाही. सासूच्या वेळेपासूनची वहिवाट. मग कुंपण आलं. मागच्या पुरात माणसं जनावरं घेऊन नेहमीसारखी निघाली, तर फाटकाला कुलूप.

"पाणी कमरंला लागलं. पोरं तार तोडाय गेली. हत्यार आणून तोडंस्तवर माज्या हातातलं दावं सुटलं. मोरी म्हस गेली माजी." तिने साखर टाकली. "गाभण हुती."

मग अशा वेळी शहाणी माणसं करतात तेच मी केलं, उपाय सांगायला लागले. "चाची, आपण या बाजूला आणखी एक फाटक ठेवू."

"त्येला बी कुलूपच लावशीला न्हवं? फाटक नगं बाई. नुसतं खिंडार ठेवा."

"ते नाही हो जमत! विमान उतरताना म्हैस आडवी आली तर म्हैसही जाईल आणि विमानातली माणसंही."

चाचीने चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला. "त्ये बी खरं हाय," ती म्हणाली. "मग आमी कुठं जायचं, त्ये सांगा."

वैताग, वैताग आला. चहा तसाच ठेवून मी बाहेर पडले आणि कुंपणाच्या कडेकडेने चालत सुटले. गाव आणि कुंपण यांच्यामध्ये बरीच मोकळी जमीन होती. इथे साहेबांनी काय काढलंय म्हणून आराखडा उघडला. बाग आणि कारंजं. दर पुराला जिथे पाणी चढतं तिथे कारंजं! शेजारी पावसाचं पाणी साठवायला मोठं तळं खोदायचं होतं, आणि त्यातून निघणारी माती ट्रक लावून लांब नेऊन टाकायची होती. गाड्यांचं पार्किंग मात्र पलीकडच्या टोकाला, हमरस्त्याच्या बाजूला.

मी तिथेच धुळीत बसले आणि पेन्सिल काढली. पार्किंग कुंपणाच्या बाहेर असतं, त्याला कुलूप नसतं. ते इकडे आणायचं. तळ्याची माती लांब न नेता इथेच भराव घालायचा, पुराच्या पाण्याच्या वर येईल इतका. गावाकडून जनावर चढेल असा सावकाश उतार. वर खांब, खांबांवर सौर पट्ट्यांचं छप्पर. एरवी खाली गाड्या उभ्या राहतील, पूर आला की गाव.

चाचीला दाखवलं. तिने कागद उलटा धरला, अल्ताफने सरळ करून दिला. छपरावर बोट ठेवून ती म्हणाली, "वर पाऊस लागणार न्हाई, ब्येस हाय. पर म्हस बांधायची कशाला?"

"खांबाला."

"जाड्या खांबाला दावं बसतंय व्हय? सरकतंय त्ये. कड्या घाला, लोखंडी. आन् ह्ये पावसाच्या आदी हुईल का?"

विमानतळाची कामं मी आयुष्यभर बघत आलेय. कधी होईल ते देवालाही सांगता यायचं नाही. "बघते," एवढंच म्हणाले आणि माझंच मला वाईट वाटलं. संध्याकाळी चावी आली, आत जाऊन धावपट्टीचे उतार पाहिले, पण माझं लक्ष लागलं नाही. रात्री लॉजवर मी आराखडा पुन्हा काढला आणि पार्किंगचा भराव पहिल्या टप्प्यात टाकला.

सांगलीच्या बैठकीत भडंग उत्तम होतं. बाकी काय सांगावं! मधोमध बसलेल्या मोठ्या साहेबांना उडत्या टॅक्सीसाठी जागा हवी होती. दुसऱ्याला कारंजं कुठे गेलं याची काळजी. पूर आला तर गावाने कुठे जायचं, हा मुद्दा मी काढला. त्यावर "तो या बैठकीचा विषय नाही," असं उत्तर मिळालं. आमच्या साहेबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला, नेमका तो लागलेला. मी घडाघडा भराव, सौर छप्पर, पहिला टप्पा सांगून टाकलं. पहिल्या टप्प्यावर मोठे साहेब खूश झाले. म्हणजे उद्घाटन पावसाआधी करता येईल!

मग त्यांचं बोट खांबांवर आलं. "आणि या कड्या कशासाठी?"

खरं बोलायचं का? एका क्षणात मोरी डोळ्यांपुढे आली, आणि 'या बैठकीचा विषय नाही' हेही आठवलं.

"सायकलींसाठी," मी म्हणाले.

"वा! सायकलींसाठी! याला म्हणतात शाश्वत विकास." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्याच मिनिटाला पलूसचा आराखडा मंजूर.

पुण्याच्या एसटीत बसले तरी हसू आणि चीड दोन्ही आवरत नव्हतं. इतकी वर्षं मी विमानतळं आखतेय, आणि पुरात एका गावाला उभं राहायला जागा हवी, तर ती सायकलीच्या नावावर मागावी लागते! त्यात काम पावसाआधी होईल याची शाश्वती नाहीच. उद्घाटनाची घाई किती खरी, ते जूनमध्येच कळेल. कराड मागे पडलं तेव्हा मी अल्ताफला फोन लावला. तो चाचीकडेच होता. सगळं सांगितलं, कड्यांचंही. पलीकडून चाचीचा आवाज आला, "सायकली? हितं सायकल कोण चालीवतंय आता?" मग फोन तिनेच घेतला.

"बाई, कड्या म्हशीच्या मानानं घाला बरं का. पाण्याला भ्याली की लय वडती. सायकल काय, कुठं बी टेकती."

फोन ठेवला. हेलकावणाऱ्या बसमध्येच मी मांडीवर आराखडा पसरला आणि कडीच्या सळईची जाडी दुप्पट करून टाकली.