आर्लीनचं झाड आणि माझा हिरवा दिवा

आर्लीन डिकच्या झाडाचा सत्यानाश मी केला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही बराच वेळ मला सज्जन समजत राहाल आणि मग तुमची निराशा होईल. चाळीस वर्षं रंगमंचावर काढली. लोकांची निराशा करण्याचा माझा वाटा तिथेच पुरा झाला आहे.

आमचं फिरतं नाटकमंडळ कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात गावोगावी जायचं. मी त्यात खलनायक, भूत, दारुडा पोस्टमन आणि एका हंगामात घोड्याचे मागचे पाय. टाळ्या पुढच्या पायांना मिळायच्या. मंडळ मोडलं तेव्हा आमची बस हार्लन क्रीक नावाच्या गावात बंद पडली होती. दुसरीकडे जायला गाडी नव्हती, म्हणून मी तिथेच घर घेतलं. शेजारी आर्लीन.

पहिल्याच दिवशी तिने कुंपणावरून विचारलं, "तूच ना तो, शाळेच्या हॉलमध्ये मरायला दहा मिनिटं घेणारा?"

"अकरा," मी म्हणालो.

"मी मध्येच घरी जाऊन ओव्हनमधले बटाटे बघून आले. परत आले तरी तू मरतच होतास."

तेव्हापासून वीस वर्षं ती मला नाटक्या म्हणते. गार्नेट हे माझं नाव तिला माहीत असावं, कारण माझी पत्रं चुकून तिच्या पेटीत पडायची.

आर्लीनने गावच्या कर्लिंग क्लबचं स्वयंपाकघर एकेचाळीस हिवाळे सांभाळलं. बाहेर बर्फावर पुरुष दगड सरकवायचे आणि आत ही सूप ढवळायची. शनिवारी ती फ्लॅपर पाय नावाचा गोड पदार्थ करायची: खाली बिस्किटाच्या चुऱ्याचा थर, त्यावर लिंबू-व्हॅनिलाचं पिवळं कस्टर्ड आणि सगळ्यात वर फेटलेल्या अंड्याचा पांढरा ढग, टोकांना किंचित करपलेला. शंभर मैलांवरून लोक यायचे. ते त्या पदार्थाला 'क्लबची पाय' म्हणायचे. नवऱ्याने, एल्मरने, एकदाच एक चषक जिंकला. त्याचं नाव भिंतीवर पितळी अक्षरांत आहे. स्वयंपाकघराच्या दारावर लिहिलं होतं 'महिला मंडळ'. त्या मंडळात बहुतेक दिवशी ती एकटीच असायची.

ती निवृत्त झाली तोवर बोटं संधिवाताने आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली होती. त्याच सुमारास घरटी चार गांजाची झाडं लावायला सरकारने मोकळीक दिली आणि तिच्या भाच्याने तिला दोन जातींचं बी आणून दिलं. बोटांना चोळायला मलम करावं, एवढाच हेतू. तिला धूर सोसत नाही. फार तर रविवारी लोण्याच्या बिस्किटात चिमूटभर.

एका झाडाला लिंबाचा आणि ट्रॅक्टरचा वास होता. दुसऱ्याला व्हॅनिलाचा आणि ओल्या कुत्र्याचा.

"यातला कुत्रा आणि ट्रॅक्टर काढले तर काय उरेल?" ती म्हणाली.

"लिंबू आणि व्हॅनिला."

"म्हणजे माझं निम्मं काम झालं."

उरलेल्या निम्म्याला सहा वर्षं लागली. एकाचे पराग दुसऱ्याला लावायचे, बी धरायचं, पेरायचं, हुंगायचं, उपटायचं. नोंदी पाककृतींच्या कार्डांच्या पाठी. पुढे 'बीटचं लोणचं', मागे 'तिसरं रोप, ओल्या मोज्याचा वास, उपटलं.' सहाव्या वर्षी एका सकाळी तिने मला कुंपणाशी बोलावलं.

"डोळे मीट आणि हुंग. नाटक न करता."

मी हुंगलं. "फ्लॅपर पाय."

"वरून किंचित करपलेली?"

"किंचित करपलेली."

ती पालथ्या बादलीवर बसली आणि कार्डाच्या पाठी लिहू लागली.

आमच्या बागकाम मंडळाचं प्रदर्शन नोव्हेंबरात, शेतं मोकळी झाली की भरतं. भोपळे, मुरंबे, कांदे, आणि तीन वर्षांपासून एक टेबल घरच्या गांजाचं. प्रत्येक ताटलीपुढे एक कार्ड उभं असतं: वाणाचं नाव, वाण कोणी तयार केलं, झाड कोणी वाढवलं. "मला बक्षीस नकोय," आर्लीन म्हणाली, "मला ते कार्ड हवंय." आणि लगेच गाजरांवर घसरली.

पण त्या उन्हाळ्यात ती पायरीवरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगी शेरिल तिला सॅस्काटूनला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. त्या इमारतीत झाड लावायला बंदी. बंद घरात मूळ झाड जगणार नव्हतं, म्हणून जाण्याआधी तिने त्या झाडाच्या दोन फांद्या मुळं फुटवून माझ्या हवाली केल्या, एका कार्डावर सहा सूचना लिहून. तिसरीखाली दोन रेघा: 'ऑगस्टअखेरीपासून बारा तास दिवा, बारा तास काळोख. काळोख म्हणजे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसता कामा नये. डोकावू नकोस.'

पहिलं रोप पंधरवड्यात गेलं. मी फोन केला.

"पाणी किती घातलंस?"

"प्रेमाने घातलं."

"प्रेमाने म्हणजे किती बादल्या?"

मी विषय बदलला.

दुसरं मात्र जोमात वाढलं. मंडळाच्या पोशाखांचं जुनं कपाट मी त्याला दिलं होतं. दिवसा उकाडा असल्यामुळे दिवा रात्री आठ ते सकाळी आठ. म्हणजे आपला दिवस ही तिची रात्र. 'तिची', कारण फुलं धरणारं झाड मादीच असतं. सप्टेंबरात फुलोरा आला, कपाटाच्या फटीतून कस्टर्डचा वास घरभर फिरू लागला आणि माझी पंचाईत झाली.

दिवसभर दार बंद. आत एक कलावती बहरात उभी, आणि समोर एकही प्रेक्षक नाही! माझ्यासारख्या माणसाला हे बघवत नाही. हिरवा उजेड झाडांना जाणवत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि हिरव्या उजेडाशी माझं जुनं नातं. खलनायक आला की दिव्यापुढे हिरवा पारदर्शक कागद लावायची आमची पद्धत होती. तो कागद ट्रंकेत सापडला. रबराने टॉर्चवर बसवला आणि रोज दुपारी तीनला, सूप पिऊन झालं की, मी कपाट उघडून पंधरा मिनिटं तिच्यापुढे उभा राहू लागलो. जुनी स्वगतं म्हटली, दोन विनोदी गाणी म्हटली, दारुड्या पोस्टमनचा प्रवेश केला. तिने एकदाही खोकला काढला नाही. इतका चांगला प्रेक्षक मला जन्मात मिळाला नव्हता.

चौथ्या आठवड्यात फुलांमधून बारीक पिवळं काहीतरी डोकावू लागलं. मी आनंदाने फोन फिरवला.

"आर्लीन, कस्टर्ड आलं!"

"काय आलं?"

"कस्टर्ड! फुलाफुलातून पिवळं. इवली इवली केळी लटकल्यासारखी दिसतात बघ!"

पलीकडे शेरिलचा टीव्ही ऐकू येत होता, तो बंद झाला.

"केळी?" आर्लीनने विचारलं.

"घडच्या घड."

"उजेड कोणी दाखवला?"

"कोणी नाही."

"नाटक्या."

"थोडासा. पण हिरवा! झाडांना हिरवा दिसत नाही."

"कशाचा हिरवा?"

मी सांगितलं. कागद किती जुना, असं तिने विचारलं. चौऱ्याऐंशी सालचा, मी म्हणालो. टॉर्च भिंतीवर मारायला सांगितली. मी मारली.

"काय रंग दिसतो?"

"कडेला हिरवा."

"आणि मध्ये?"

मध्ये कागद दिव्यांच्या आचेने कधीच विटला होता. "मध्ये... जुन्या दातांसारखा."

"म्हणजे तू तिला रोज मध्यरात्री उठवून सूर्य दाखवलास. झाड असं बिथरलं की त्याला वाटतं आता आपलं काही खरं नाही, नर काही येत नाही. मग तेच नराची फुलं काढतं. तीच तुझी केळी. त्यांचे पराग उडाले की सगळ्या फुलांत बिया."

"म्हणजे दोन्ही भूमिका एकटीनेच करते? आमच्याकडेही माणसं कमी पडली की..."

"गार्नेट," ती म्हणाली, "ते शेवटचं झाड आहे."

वीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला नावाने हाक मारली, आणि मला ते ऐकवलं नाही.

त्यानंतर मी खोट्या मिशा बसवायचा चिमटा आणि भिंग घेऊन कपाटापुढे गुडघे टेकले, दिवा लागल्यावरच. रोज केळी वेचली. एकदाही गाणं म्हटलं नाही. ऑक्टोबरच्या शेवटी तिला कापलं, अंधाऱ्या खोलीत उलटी टांगून वाळवलं, बरण्यांत भरलं, आणि रोज बरण्या उघडून वारा दिला. लोणच्याची करावी तेवढी काळजी केली. वास तोच होता. आत काय आहे हे बघायचं धाडस मात्र मला झालं नाही.

प्रदर्शनाला आर्लीन वॉकर टेकत आली, बरोबर शेरिल. कार्ड मीच लिहून ठेवलं होतं: 'वाण: फ्लॅपर पाय. तयार करणार: आर्लीन डिक. वाढवणार: गार्नेट लिसोव्स्की.' तिने ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"बिया?" तिने हळूच विचारलं.

"दिसल्या नाहीत."

"शोधल्यास का?"

मी भोपळ्यांकडे बघितलं.

परीक्षक ऑर्व्हिल टकाचुक. तीस वर्षं गहू तपासण्यात गेलेली. डोळे बांधले तरी खडा काढील असा अंगठा. नियम कडक: फुलात बी निघालं की ताटली बाद, आणि बाद ताटलीचं कार्ड तिथल्या तिथे पालथं. ऑर्व्हिलने आमची ताटली नाकाशी नेली. डोळे मिटले. पुन्हा नेली. त्याचा चेहरा एकदम तरुण दिसायला लागला. मग त्याने फूल चिमटीत धरून दाबलं आणि त्याचा अंगठा थांबला. पांढऱ्या ताटलीवर टिक्क करून एक बी पडलं. पट्टेदार, तपकिरी, टपोरं. मग दुसरं.

त्याने आर्लीनकडे बघितलं, मान खाली घातली आणि कार्ड पालथं केलं.

मी खुर्चीवर चढलो. "मित्रहो! दोष या बाईंचा नाही! मी एक म्हातारा, उजेडाचा भुकेला..."

"खाली उतर," आर्लीन म्हणाली. "पडशील, आणि खुब्याच्या डॉक्टरकडे रांग आधीच मोठी आहे."

मी उतरलो. कोणी टाळी वाजवली नाही, आणि प्रथमच मला ते योग्य वाटलं.

पण ऑर्व्हिलने फूल चुरडलं होतं ना, त्याचा वास हॉलमध्ये पसरू लागला. मुरंब्यांच्या टेबलापाशी लोक बोलायचे थांबले. कर्लिंग क्लबचा जुना कप्तान वेंडेल फ्रीसेन नाक वर करून वासाच्या मागोमाग आला.

"अरे, ही तर क्लबची पाय!" तो म्हणाला.

आर्लीनने वॉकर थोडा पुढे सरकवला. "क्लबची नव्हती, वेंडेल. माझी होती."

ती फार मोठ्याने बोलली नाही. पण त्या हॉलमध्ये जेवढे चेहरे होते त्यांनी एकेचाळीस वर्षांत कधी ना कधी ती पाय खाल्ली होती, आणि त्यातले बरेचसे खाली बघू लागले. वेंडेलने टोपी काढली.

"तुझीच," तो म्हणाला. "तुझीच होती." मग जरा थांबून, "त्यातलं एक बी देशील का?"

"बाद मालाचं बी कशाला हवं?"

"माझ्या परसात जागा आहे. चार लावता येतात."

त्याच्यामागे त्याची बायको उभी राहिली, तिच्यामागे कांदेवाले, मग मुरंबेवाल्या बाई. ऑर्व्हिलने बाद केलेली ताटली सावकाश, एकेक फूल चुरडत मोकळी केली आणि खिशातून गव्हाचे नमुने ठेवायची छोटी पाकिटं काढली. निवृत्त होऊनही तो ती बाळगतो.

"ऐका," आर्लीन सगळ्यांना म्हणाली, "सगळी सारखी निघणार नाहीत. काहींत ट्रॅक्टर येईल, काहींत कुत्रा. आणि काही उजेड दिसला की बिथरतील. ती खोड गार्नेटकडून आली आहे, मला दोष देऊ नका. ज्याला करपलेल्या साखरेचा वास येईल त्याने फांदी मोडून परत आणून द्यायची. हुंगायला मी आहे."

"पाकिटावर काय लिहू?" ऑर्व्हिलने विचारलं.

ती खुर्चीत बसली आणि पेन मागून घेतलं. पाचव्या पाकिटाला बोटं अडली. ती चोळत तिने माझ्याकडे बघितलं.

"अरे नाटक्या, उभा काय राहिलास? बस. उरलेली तू लिही."

मी बसलो. अशा कामात मी जीव ओततो: पहिलं अक्षर वेलबुट्टीचं, शेवटच्याखाली लफ्फेदार रेघ. दुसऱ्याच पाकिटाला तिने माझ्या हातावर चापट मारली.

"लहान काढ अक्षर. माझं नाव आहे ते, नाटकाची जाहिरात नव्हे."

मी लहान काढलं. रांगेत अजून बरेच जण होते.