गाऱ्हाण्यातली अट

माझ्या दहावीच्या निकालाचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला असेल, तर तो बाबांना. मला नाही. मी पेपर दिले, मे महिना लोळून काढला आणि मोकळी झाले. बाबा मात्र शेवटच्या पेपरापासून एका जागी बसलेले मला आठवत नाहीत. चहाचा कप घेऊन दारात जायचे, तो तिथेच कुठेतरी ठेवून आत यायचे आणि विचारायचे, "माजो चाय खंय?" आई त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

आम्ही गोरेगाव पूर्वेला एका बैठ्या चाळीत राहायचो. बाबा मूळचे गिरणीतले. संपात गिरणी गेली आणि ते जवळच्याच एका स्टुडिओत सेटच्या भिंती रंगवायला लागले. आज राजवाडा, उद्या कोर्ट, परवा दोन्ही मोडून हॉस्पिटल. चाळीतली पोरं हिरोंच्या चौकशा करायची, बाबा म्हणायचे, "रंगवूचा आणि मोडूचा, दुसरा काय." ते चौथीपर्यंत शिकलेले, आई दुसरीपर्यंत. घराण्यात दहावीला बसलेली मी पहिली, त्यामुळे पास झाल्यावर पुढे काय करतात ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मला अंधेरीच्या कॉलेजात सायन्सला जायचं होतं, आणि त्यापुढचं तिथे गेल्यावर बघू, असा माझा बेत होता.

कोकणातल्या माणसाला देवाकडे काही मागायचं असलं, तर तो ते मनातल्या मनात मागत नाही. तो गाऱ्हाणं घालतो. नारळ ठेवायचा, उभं राहायचं आणि चार माणसांसमक्ष देवाला सगळं खणखणीत आवाजात सांगायचं. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणजे देव आणि शेजारी असे दोघेही साक्षीला. एकदा बोललेला शब्द मग कुणाला मागे घेता येत नाही.

आमच्या चाळीत हे काम शेजारच्या काकांचं होतं. त्यांचा आवाज मोठा आणि देवाला काय कबूल करावं, काय करू नये, याची त्यांना पक्की जाण. पण निकालाच्या सकाळी बाबा त्यांना म्हणाले, "माज्या चेडवाचा गाऱ्हाणा मीच घालतलंय." पोरीचा बापच म्हणतोय म्हटल्यावर काका बिचारे बाजूला सरकले. मी युनिफॉर्म घालून, वेण्या घालून मधोमध उभी, आणि कधी एकदा हे संपतंय असं मला झालेलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," बाबांनी सुरुवात केली, "आज माज्या चेडवाचो निकाल आसा. तेका पास कर."

"व्हय म्हाराजा."

"पास झाला काय तेका घेवन मी तुज्या पायार येतलंय."

"व्हय म्हाराजा."

इथे थांबायचं असतं. सगळे इथेच थांबतात. कधी येणार ते देवाला कुणी सांगत नाही, सवडीने गावच्या देवळात जातात. पण बाबांचा श्वास वर चढला होता आणि ते थांबले नाहीत.

"आणि तुजा दर्शन घेतल्याबिगर तां नवो उंबरो वलांडूचा नाय."

काकांनी खाडकन डोळे उघडले. पण बाकीच्यांनी सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हणून टाकलं होतं आणि बाबांनी नारळ फोडला होता.

मी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. आईने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली, मग पदर तोंडाला लावून मोरीत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. बाबांनी मार्कलिस्ट वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही बघितली, "बरा झाला" म्हणाले आणि चपला घालून आरेच्या रस्त्याने निघून गेले. परतले ते दिवेलागणीला, पेढे घेऊन. साऱ्या चाळीला पेढे वाटले, स्वतः एक तोंडात घातला नाही. मला वाईट वाटलं. एवढा मोठा दिवस आणि हा माणूस असा काय वागतोय, असं वाटून रागही आला.

कॉलेजची पहिली यादी लागली, त्यात माझं नाव होतं. शनिवारपर्यंत फी भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी अंधेरीहून आले ती उड्या मारतच. बाबा भिंतीला टेकून सदऱ्यावरचा रंग नखाने खरवडत होते.

"आदी गाव," ते म्हणाले. "मगे कॉलेज. तोय नवोच उंबरो."

मला वाटलं, गंमत करताहेत. "गावी कधी जाणार आपण?"

"रजा गावतली तेवा. गणपतीत."

"बाबा, गणपतीपर्यंत ते लोक माझी सीट सांभाळून ठेवणार आहेत का? वर्षाची वाट लागेल ना माझ्या."

"देवाक शब्द दिलंय मी."

स्टुडिओत मोठा सेट उभा राहत होता, त्यांना रजा मिळणं शक्यच नव्हतं. एसटीने गावी पोचायलाच रात्र उलटून जायची. आईने मला घेऊन जावं, तर गाऱ्हाण्यात 'मी घेवन येतलंय' असं बाबा स्वतःच्या तोंडाने बोललेले. सगळ्या बाजूंनी कोंडी. मी रडले, भांडले, जेवले नाही. बाबा माझ्याशी भांडतही नव्हते. ते नुसते उठायचे, पाण्याच्या पिंपात डोकावायचे, खिडकी लावायचे, पुन्हा उघडायचे. त्यांच्याकडे बघून माझंच डोकं भणभणायचं.

समोरच्या खोलीत साताऱ्याकडच्या मावशी राहायच्या. सकाळी दूध केंद्रावर बसायच्या. बौद्ध होत्या, नवस-गाऱ्हाणी त्यांच्या घरात नव्हती, आणि मुलगा कॉलेजात होता. त्या बाबांना तोंडावर म्हणाल्या, "भाऊ, देवाला कळतंय हो. तुम्हालाच कळंना." बाबांनी खाली बघितलं आणि पुन्हा चपला घातल्या.

शुक्रवार उजाडला आणि मावळायलाही लागला. मी दप्तरातली जुनी पुस्तकं काढून दोरीने बांधत होते, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. आईने देवापुढे दिवा लावला. मग एक नारळ काढून पाटावर ठेवला आणि काकांना हाक मारली. काका आले, त्यांच्यामागून आणखी दोन-तीन घरांतली माणसं आली. काकांनी घसा खाकरला, तेवढ्यात आईने पदर खांद्यावरून घेतला आणि तीच हात जोडून उभी राहिली. आमच्यात बाई गाऱ्हाणं घालत नाही. मी तोवर कुणाला घालताना बघितलं नव्हतं. काकांचं तोंड उघडं राहिलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," आई म्हणाली. आवाज कापत होता, पण ती थांबत नव्हती. "ह्येंनी तुका शब्द दिल्यानी. तो भक्तीन नाय दिल्यानी, भियान दिल्यानी. चेडू शिकला काय हातातसून सुटतला, ह्या तेंका भय. म्हणान तुका वाटेत उभो केल्यानी."

'व्हय म्हाराजा' कुणीच म्हटलं नाही.

"चूक ह्येंची आसा, चेडवाची नाय. ती पोटात घाल. गणपतीत आमी दोगांव तेका तुज्या पायार घेवन येतलंव. पण उद्या तेका जावंक दी."

गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' मिळालं नाही, तर ते पोचत नाही. काका बाबांकडे बघत होते. नवऱ्याने दिलेला शब्द बायको फिरवतेय, त्याला हो कसं म्हणायचं? मावशी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना ते शब्द उच्चारायचे नव्हते आणि गप्पही राहवत नव्हतं. "अवो, बोला की कुणीतरी," त्या म्हणाल्या.

मी बाबांकडे बघायला घाबरत होते. ते माझ्या मागेच होते, खिडकीपाशी. आई हात जोडून तशीच उभी, मान जराही वळवली नाही तिने. मला वाटलं, आता हे चपला घालतील आणि निघून जातील.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

अगदी हळू म्हणाले. काकांनी लगेच मोठ्याने साथ दिली आणि मग बाकीच्यांनी.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कामावर एक दिवसाचा खाडा केला. इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर बसने अंधेरीला आले. कॉलेजच्या फाटकापाशी थांबले आणि म्हणाले, "तू जा. मी हयच आसंय." मी फी भरून परत आले, तेव्हा ते वॉचमनला विचारत होते की मुली कुठल्या फाटकातून बाहेर पडतात.

परतताना बसस्टॉपवर मी त्यांना म्हटलं, "बाबा, आता तरी पास झाल्याचा आनंद झाला का?"

"तो त्याच दिशी झाललो," ते म्हणाले. मग बस येतेय का ते बघायला चार पावलं पुढे गेले आणि परत आले. "आजपावत तू खंय आसतंस तां माका ठावक असायचा. शाळेत, नायतर नळार, नायतर मैत्रिणीकडे. आता माका ठावक नाय अशा जाग्यार जातलंस तू."

मी म्हणणार होते, बाबा, संध्याकाळी घरीच येणार आहे ना मी रोज. पण ते संध्याकाळचं बोलत नव्हते. ते मला कळलं, आणि मी फीची पावती त्यांच्या हातात दिली.