पाण्याच्या नळीला गंध

साखर न दिलेल्या, उपाशी जंतूंच्या नळ्यांतलं द्रावण डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं आणि यंत्र त्याला पिवळं म्हणत होतं. दिल्लीचे साहेब तपासणीला आले होते, एग्मोरच्या हॉटेलात उतरले होते. त्यांना आकडे पटले नाहीत तर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्या जयलक्ष्मीची स्कॉलरशिप बंद होणार होती.

मी त्या लॅबमध्ये काचसामान धुवायची. शिकले चौथीपर्यंत, पण रोज ऐकून काम कळलं होतं. जंतूच्या पोटात जीन असतात. कुठल्या जीनची नक्कल कधी आणि किती काढायची, हे जंतू ठरवतो. दुधातली साखर मिळाली तरच ती फोडणारं एन्झाइम बनवतो. आम्ही नळीत एक औषध घालायचो. एन्झाइम जितकं जास्त, तितकं ते पिवळं. कलरीमीटर नळीतून उजेड सोडून पिवळेपणाचा आकडा देई. त्याचं शून्य लावायला साध्या पाण्याची एक नळी असे; तुलनेसाठी ठेवलेल्या अशा नळीला कंट्रोल म्हणत.

आमचे डॉक्टर तंजावरचे राव. ते खूश झाले. जंतू साखरेवाचून कामाला लागले, हा शोध आहे म्हणाले. जयलक्ष्मीने दुसऱ्या नळीत नुसतं पाणी भरून लावलं. यंत्राच्या मते पाण्यानेही एन्झाइम बनवलं. डॉक्टरांनी जरा विचार करून विचारलं, पाणी कुठल्या नळाचं?

तिने नळी खिडकीशी धरली. काचेवर उजेडाच्या वाटेतच पिवळा ठिपका होता. आदल्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे दसऱ्याआधीची अवजारांची पूजा, झाली होती. डॉक्टरांनी स्वतः प्रत्येक नळीच्या मधोमध हळद-चंदनाचं गंध लावलं होतं. शून्याची नळी त्यांच्या कपाटात कुलपात होती, ती तेवढी गंधावाचून राहिली होती.

"अक्का, पुसा हे," जयलक्ष्मी मला म्हणाली.

"संध्याकाळी गुरुजी येऊन उत्तरपूजा करतील. त्याआधी पुसायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग स्कॉलरशिप गुरुजी देणार का, सर?"

मी फडकं खाली ठेवलं. नोकरी डॉक्टरांनी दिली होती, देवाने नाही.

"बरं, लावायला तर हरकत नाही ना? शून्याच्या नळीलाही लावू," ती म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी चपला काढल्या आणि पाण्याच्या नळीपुढे मंत्र म्हटला. मी काडीने गंध लावलं. जयलक्ष्मीने त्या नळीवर यंत्राचं शून्य नव्याने लावलं, तिच्याशी जुळणाऱ्या ठिपक्यांच्या नळ्या निवडल्या आणि जंतू त्यांत ओतले. उपाशी जंतू शून्यावर आले. साखर खाल्लेले वर चढले.

साहेबांनी आकडे पाहिले, मान डोलावली. मग पाण्याच्या नळीवरचं गंध दाखवून हे काय, म्हणून विचारलं.

"कंट्रोल," डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी ते लिहून घेतलं. स्कॉलरशिप चालू राहिली.

मोजमाप करताना देवाला बाहेर काढायची गरज नसते. सगळ्यांना सारखं गंध लावलं की झालं.