दोन रेघांच्या आधीचा प्रश्न

नाक गळणारं पोर घेऊन रावकाकांच्या दारात गेलं, की ते पोराकडे बघत नसत, आधी आईबापांकडे बघत. हातात औषधांच्या दुकानातून आणलेला टेस्टचा डबा, बोटाला धरलेलं पोर, खाली शाळेची व्हॅन हॉर्नवर हॉर्न वाजवते आहे, आणि हे गृहस्थ जाळीच्या दाराशी सावकाश खुर्ची ओढून बसत आणि विचारत, "दोन रेघा आल्या तर काय करणार? तें आधीं सांगा. मग नाक उघडूं."

हा प्रश्न फारसा कुणाला आवडायचा नाही. एक तर सकाळच्या त्या वेळी माणसाला कुठलाच प्रश्न आवडत नाही. आणि दुसरं म्हणजे उत्तर कुणाकडेच नसायचं. शाळा पुन्हा सुरू झाल्या होत्या. मोठी लाट ओसरली होती, पण आजार काही सामान बांधून गेला नव्हता. शाळा म्हणे, शिंक आली तरी मुलाला पाठवू नका. कंपनी म्हणे, घरी बसणं खूप झालं, आता कामावर या. या दोघांच्या मध्ये आमची सहा वर्षांची इरा आणि तिचं बारमाही वाहणारं नाक. मी या तमिळ शहराबाहेर, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात, कंपनीची बस उजाडताच सुटायची. मंजिरीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेलचेरीच्याही पुढे. सासर-माहेर दोन्ही कराडकडे. रजा दोघांच्याही तळाला गेलेल्या. चिडायलाही अंगात जोर लागतो. तोही उरला नव्हता. आम्ही नुसते थकलेलो होतो.

वेस्ट मांबलममधल्या त्या इमारतीत आमच्या समोरचं दार रावकाकांचं. बाकीचे त्यांना 'राव सार' म्हणत, पोरं 'तात्ता', म्हणजे आजोबा, म्हणत आणि आम्ही काका. घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तिकडेच रुजलेलं, पण घरात मराठी टिकवलेली. आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी जिन्यात फोनवर आईशी बोलत होतो, तर हे दारात येऊन उभे. माझं बोलणं संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आमचेंच बोलतां कीं हो तुम्ही. जेवण जाहलें का?" त्यांची मराठी पहिले काही दिवस मला अर्धीच कळायची. 'सगळे' म्हणायचं तर ते 'अस्के' म्हणत, 'नाही'ला 'न्हा' म्हणत आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तमिळ हेल. मंजिरी म्हणाली होती, कुणी जुनी बखर तमिळ चालीत वाचून दाखवतंय असं वाटतं.

त्यांच्या घरात आतल्या खोलीत पद्मामामी असत, त्यांची बायको; तिकडे मोठ्या बायकांना मामीच म्हणतात. मामींची फुप्फुसं निकामी होत चालली होती. दिवसाचा बराचसा वेळ त्या ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेल्या. साधा ताप आला तरी डॉक्टर हात टेकतील अशी अवस्था. आणि तरीही शाळा सुटल्यावर आमची इरा मंजिरी येईपर्यंत त्यांच्याकडेच थांबायची, कारण मामींचाच हट्ट होता. "पोरांचा आवाज नसला तर मी दिवसभर या मशीनचेंच गाणें ऐकूं का?" असं त्या आतून विचारत. मग बाहेरच्या खोलीत काका आणि इरा, मधलं दार लावलेलं, आणि दाराच्या अलीकडून-पलीकडून दोघींच्या गप्पा. इराचं नाक आम्ही तपासायचं की नाही, हा प्रश्न शाळेपुरता नव्हता. त्या मधल्या दाराच्या पलीकडे कोण आहे हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

इमारतीतली पोरं काकांकडेच का आणत, त्याला कारण त्यांचा हात. जन्मभर त्यांनी स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान चालवलं होतं. लहान मुलांच्या नाकावर चष्मा बसवून बसवून बोटं इतकी हलकी झाली होती, की चार मोठी माणसं मिळून जे पोर धरून ठेवू शकत नसत, ते त्यांच्यासमोर स्वतःहून मान वर करायचं. प्रत्येक पोराला ते 'कण्णा' म्हणत, म्हणजे बाळा. सांगत, "वर बघ, कण्णा. पंख्याचीं पातीं अस्कीं अहेत का? काल एक उडून गेलें म्हणतात." पोर डोळे वटारून फिरत्या पंख्याकडे बघायचं आणि पाती मोजून होईतो काकांची काडी नाकात फिरून बाहेरही आलेली असायची. रडणं सुरूच व्हायचं नाही.

आमच्यावर पाळी आली त्या सकाळी कारखान्यात नव्या मशीनची चाचणी होती. महिनोन् महिने मी तिच्यामागे होतो. मंजिरीचीही कसलीशी मोठी मीटिंग. इरा उठली तीच शेंबूड पुसत. आम्ही तिला घेऊन समोर गेलो. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "आधी बघू तरी काका, काय येतंय ते."

"बघून मग ठरवणार?"

"हो."

"मग तुम्ही ठरवणार न्हा, रेघ ठरवणार. जिन्यांत बसा दोघें. उत्तर घेऊन या. कण्णा इथें बसेल."

आम्ही खरंच जिन्यात जाऊन बसलो, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. मंजिरी म्हणाली, "मागच्या वेळी मी थांबले होते." मी म्हणालो, "मला माहीत आहे." ती म्हणाली, "त्याच्या मागच्या वेळीही." मी म्हणालो, "तेही माहीत आहे." वरून कुणाचा तरी कुकर शिट्या देत होता. "टेस्टच नको करूया," ती शेवटी म्हणाली, "सर्दीच आहे म्हणू. सगळे म्हणतात." आणि लगेच म्हणाली, "पण मामी." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती झोप होती. मला तिची फार दया आली आणि स्वतःचीही आली. मी म्हणालो, आज मी थांबतो.

वर गेलो तर काका म्हणतात, "सरी, ठीक. आतां साहेबाला फोन कर. आधीं फोन, मग काडी." मी फोन केला. साहेब जे बोलायचं ते बोलले. बस निघून गेली. मग इराने पंख्याची पाती मोजली, आणि पंधरा मिनिटांनी आली एकच रेघ. साधी सर्दी. माझी रजा गेली, मशीनची चाचणी माझ्याविना पार पडली, आणि ठणठणीत पोरगी दिवसभर माझ्या पाठीवर घोडा घोडा खेळत बसली. मी काकांवर मनापासून चिडलो होतो.

दुपारी ते रसमचं भांडं घेऊन आले, तेव्हा मी विचारलंच, की हा कुठला उफराटा न्याय. ते हसले. म्हणाले, दुकानात मुलींना घेऊन आया येत. डोळे तपासून घेत. नंबर निघाला, की चष्मा न करताच पोरीला घेऊन जात, कारण चष्मा लागला तर पुढे लग्नाला अडचण. "पोरीला फळ्यावरचें दिसत न्हा, तें तिला माहीत होतेंच. आतां आईलाही माहीत जाहलें. आणि तरी चष्मा न्हा. आधीं तिला दिसत नव्हतें, मागाहून तिला तेंही कळलें, कीं आईला चालतें." तेव्हापासून ते डोळे तपासण्याआधी विचारू लागले, नंबर निघाला तर चष्मा घालणार का. गिऱ्हाईकं कमी झाली. "पण जीं आलीं, तीं चष्मा घालून गेलीं," ते म्हणाले. रसम चांगलं होतं, त्यामुळे मी फार वाद घातला नाही.

त्यांना फसवणारेही भेटले. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी 'घरी ठेवू' म्हणून छातीठोक सांगितलं, दोन रेघा आल्या, आणि दुसऱ्या दिवशी तापाचं औषध पाजून मुलाला व्हॅनमध्ये बसवलं. काका खाली दूध आणायला गेले होते, त्यांनी पाहिलं. कुणाला बोलले नाहीत. मलाही फार उशिरा सांगितलं. पुढे कधीतरी तेच गृहस्थ पुन्हा डबा घेऊन आले, तेव्हा एवढंच विचारलं, "नाक तेंच अहे. उत्तर बदललें का?" गृहस्थ खाली मान घालून परत गेले. मला वाटलं होतं काकांना राग आला असेल. पण ते म्हणाले, "राग कसला? त्याचाही कोणी साहेब असेल कीं."

रावकाका आता नाहीत. मामी आधी गेल्या, त्यांच्या त्या फुप्फुसांच्या दुखण्यानेच. मग काका तिरुचीला मुलाकडे राहायला गेले आणि गेल्या वर्षी तिथेच झोपेत गेले. समोरच्या दारात आता दुसरं कुटुंब आहे. आठवण काढायला बसलो, की मला मात्र एकच सकाळ आठवते. तिचा शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. त्या दिवशी काकांच्या दोन रेघा आल्या, मामींची मात्र एकच आली, आणि काही दिवसांनी काकाही बरे झाले. मला सांगायचं आहे ते त्या रेघांच्या आधीचं.

इराला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून मंजिरी जिना चढत होती, तेव्हा काकांनी तिला हाक मारली. अंगात कणकण होती, आवाज बसलेला. स्वतःच्या नाकात स्वतः काडी घालता येत नाही म्हणाले, नवऱ्याला पाठव. त्या आठवड्यात माझी दुपारची पाळी होती, मी घरीच होतो. मी गेलो. तोंडाला मास्क बांधला, डबा उघडला. मंजिरी दारातच उभी राहिली. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. मधलं दार बंद होतं, आतून मशीनची घरघर ऐकू येत होती.

इतक्या दिवसांची सवय, मी सहज, थोडं चेष्टेनेच विचारलं, "काका, दोन रेघा आल्या तर काय करणार?"

त्यांनी मान मधल्या दाराकडे वळवली. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. मामींना उठवणं, धुणं, मशीनची नळी बदलणं, औषधं, सगळं हा एक म्हातारा करत होता. मुलगा तिरुचीला. दोन रेघा आल्या तर मामींजवळ राहता येणार नाही, आणि राहिलं नाही तर मामींचं करणार कोण? जिन्यात बसून शोधावं असंही उत्तर तिथे नव्हतं.

"हें विचारूं नको रे," ते म्हणाले. "आज उत्तर न्हा माझ्याकडे. ठेवून दे ती काडी. सर्दीच असेल."

आमच्या इमारतीतला प्रत्येक बाप, प्रत्येक आई मला त्या एका वाक्यात दिसली. जिन्यातली मंजिरी दिसली. काडी हातात धरून मी तसाच उभा राहिलो. आतून मामींनी विचारलं, "कोण आलें अहे?"

मंजिरी दारातून म्हणाली, "मामी आमच्याकडे येतील. मशीनसकट. पुढची खोली रिकामी करते."

काकांनी तिच्याकडे बघितलं. माणूस आजारी होता, पण सवय गेली नव्हती. "रजा अहे तुला?"

"नाही."

"याला?"

"यालाही नाही. पण मामी येतील."

"आधीं फोन?" त्यांनी विचारलं.

"आधी फोन," मंजिरी म्हणाली आणि तिथेच उभ्या उभ्या तिने ऑफिसला फोन लावला.

तिचं बोलणं होईपर्यंत ते ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि मान वर केली. माझा हात त्यांच्यासारखा हलका नाही, मला भीती वाटत होती. म्हणून मी म्हणालो, "वर बघा, काका. पंख्याची पाती अस्की आहेत का?"

चष्म्याशिवाय त्यांना पंखा दिसत असेल असं मला वाटत नाही. तरी ते बघत राहिले, चांगला वेळ लावून, आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी खाली येत असताना म्हणाले, "अहेत. अस्कीं अहेत."